एका नावावरची झोप

कराडच्या भांडी आळीत दुपारी एकनंतर कोणी खरेदीला आलं, की तो माणूस परगावचा समजायचा. गावातला माणूस त्या वेळी तिकडे फिरकत नसे. उन्हाळे इतके चढले की अखेर सरकारने दुपारी दुकानं बंद ठेवायची सक्ती केली. बाकीच्या पेठा कुरकुरल्या. भांडी आळीने मात्र, सरकारला उशिरा का होईना अक्कल आली, म्हणून पेढे वाटले. एक ते चार झोपायचं हा इथला पणजोबांपासूनचा शिरस्ता. शटर अर्धं खाली, पंखा चालू, पातेल्यांच्या चळतीमागे गादी आणि गादीवर मालक. भिंतीला भिंत लावून तीसेक दुकानं, म्हणजे डोक्याला डोकं लावून तीसेक गाद्या.

आणि घोरणं. कुकरवाल्या तवट्यांच्या घोरण्याला शेवटी शिट्टी होती. लोक म्हणत, हा माणूस झोपेतही जाहिरात करतो. पण आळीत पहिला नंबर 'कर्डे आणि सन्स'च्या गिरीशचा. तो घोरायला लागला की फळीवरची झाकणं थरथरायची. त्याची बायको हेमांगी दुपारी झोपत नसे. काउंटरवर बसून मालाची मोजदाद करी. आपण झोपलो तर जग अर्ध्या किमतीत विकलं जाईल, अशी तिची मनोमन खात्री होती.

गिरीशच्या घोरण्यावर तिने सगळे उपाय केले होते. कान-नाक-घशाच्या डॉक्टर मृणाल सबनीस यांनी प्लॅस्टिकचं अर्धं कापलेलं डोकं टेबलावर ठेवून समजावलं होतं. माणूस झोपला की घशाचे स्नायू सैलावतात. उताणा झोपला तर जीभ मागे घसरते, श्वासाची वाट अरुंद होते, आणि त्या फटीतून जाणारा वारा पडजीभ आणि मऊ टाळू फडफडवतो. मानेवर चरबी चढली, नाक चोंदलं, झोपण्याआधी दारू घेतली, की फट आणखी अरुंद. मधूनच आवाज बंद पडून माणूस गुदमरत उठत असेल, तर मात्र ते नुसतं घोरणं नाही, तपासणी करायची.

"घरच्या घरी काय करता येईल?" हेमांगीने विचारलं. तपासणीचं ऐकून तिने पर्स आधीच मिटली होती.

"कुशीवर झोपवा. उशाकडची बाजू उंच करा. वजन उतरवा. रात्री वाफ द्या."

हेमांगीने गिरीशच्या बनियनला पाठीवर खिसा शिवला आणि त्यात रबरी चेंडू घातला, म्हणजे उताणा झाला की टोचेल. गिरीश चेंडूवर उताणा झोपायला शिकला. पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा घातल्या, तर सकाळी तो पायथ्याशी गोळा झालेला सापडला. वजन महिनाभर उतरलं आणि श्रीखंडाच्या हंगामात परत आलं.

मग 'निवांत' आलं. हनुवटीखाली लावायची, कातडीच्या रंगाची बोटभर पट्टी. माणूस श्वास आत घ्यायला लागायच्या क्षणभर आधी ती जिभेच्या नसेला बारीकशी टिचकी देते, जीभ पुढे सरकते, वाट मोकळी राहते. टिचकी नेमक्या वेळी पडायला हवी, म्हणून पट्टी श्वास ऐकते, दूरच्या यंत्रणेला कळवते, आणि पुढचा श्वास कधी येणार ते यंत्रणा तिला सांगते.

किंमत पट्टीला नव्हती, नावाला होती. एका माणसाच्या नावावर वर्षाची वर्गणी. पट्ट्या घामाने सुटतात, म्हणून लागतील तेवढ्या फुकट. ज्येष्ठ नागरिकाला निम्मी सवलत. हेमांगीने माहितीपत्रक वाचलं आणि तिच्या डोळ्यांत जे आलं, ते पाहून विक्रेता पोरगा खुर्चीत मागे सरकला.

"आमच्या सासऱ्यांच्या नावावर घ्या," ती म्हणाली. "भालचंद्र कर्डे. शहाऐंशी पुरी. त्यांना घाम फार येतो. पस्तीस पट्ट्या द्या."

"एका माणसाला पस्तीस?"

"सांगितलं ना, घाम येतो."

पोराला महिन्याचा आकडा गाठायचा होता. त्याने अण्णांच्या घामाची नोंद केली. पहिली पट्टी अण्णांना त्याच्यासमोरच लावली, उरलेल्या संध्याकाळी आळीत वाटल्या गेल्या. व्यापारी संघाच्या बैठकीत हेमांगीचं नाव निघालं तेव्हा तवटे उभे राहून म्हणाले, "वहिनींना अर्थमंत्री करायला पाहिजे होतं. देश झोपला असता, पण स्वस्तात."

घोरणं खरंच थांबलं. पहिल्या आठवड्यात आळीतल्या बायका एकमेकींना गालावरचे उशीचे वळ दाखवत होत्या, इतकी गाढ झोप लागली होती. पट्ट्या रात्री असायच्या, दुपारीही असायच्या. पुरुष ताजेतवाने दिसायला लागले. भांडणं कमी झाली. दोन पिढ्या पायरीच्या दगडावरून न बोलणारे शेजारी एकत्र चहा प्यायले.

हेमांगीला पहिल्यांदा काही खटकलं ते गिरीशच्या बोलण्यात. तो एका दमात बोलणारा माणूस. गिऱ्हाइकाने 'पण' म्हणायच्या आत पावती फाडणारा. आता तो बोलता बोलता थांबायला लागला.

"हे पातेलं बघा. बूड जड... आहे. करपणार... नाही."

"दम लागतोय का तुम्हाला?" तिने विचारलं.

"छे. उलट इतकं बरं... कधी वाटलं नव्हतं."

ही पद्धत अण्णांची. छाती दुबळी झाल्यापासून अण्णा वाक्यातल्या शेवटच्या शब्दाआधी थांबत. बापाची लकब पोरात उतरते, हेमांगीने मनाशी म्हटलं आणि विषय मिटवला. पण दुसऱ्या दिवशी तवटे कुकरची रिंग मागायला आले आणि म्हणाले, "वहिनी, मोठ्या मापाची... द्या." तवट्यांचा बाप तर सोलापूरचा होता.

त्या महिन्याच्या बैठकीला ती मुद्दाम मागे बसली. कचऱ्याच्या गाडीवरून सगळे तावातावाने बोलत होते. आणि मधूनच, कोणी खूण केलेली नसताना, अख्खा हॉल एकदम गप्प व्हायचा. फार वेळ नाही, पंख्याची घरघर ऐकू येईल एवढाच. मग सगळे एकदम पुढे बोलायला लागायचे. कोणाच्याच ते लक्षात येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मोजदाद अर्धी टाकून हेमांगी रस्त्यावर आली. ऊन पांढरं झालेलं. कुत्रीही गटारावरच्या फरशीखाली. ती आळीच्या मधोमध उभी राहिली आणि आधी तिला वाटलं, कुठेतरी मोठा पंखा लावलाय. हवा आत जात होती, थांबत होती, बाहेर येत होती. डाव्या हाताच्या दुकानांतून आणि उजव्या हाताच्या दुकानांतून, एकाच मापाने. श्वास बाहेर पडला की दारांशी टांगलेले डाव एकमेकांना किंचित लागायचे आणि आळीभर बारीक नाद व्हायचा. मग शांतता. मग पुन्हा आत.

तिने तवट्यांच्या शटरखालून वाकून पाहिलं. तवटे डाव्या कुशीवर होते. शेजारच्या दुकानात पाहिलं, तिथेही डावी कूस. ती तिसऱ्या शटरपाशी वाकली तेव्हा आतला माणूस झोपेतच उताणा झाला, आणि गादी सरकल्याचा तसाच आवाज मागून, पुढून, समोरून, पुऱ्या आळीतून आला.

हेमांगी परत दुकानात आली, पाणी प्यायली आणि तिने सेवाकेंद्राला फोन लावला.

"भालचंद्र कर्डे यांच्याविषयी," पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली. "काळजीचं कारण नाही, मॅडम. वयाच्या मानाने फारच छान. छाती पन्नाशीतली वाटते."

"ही पट्टी नेमकं करते काय? म्हणजे, एकीचं म्हणणं एक आणि दुसरीचं दुसरं असलं तर?"

"एकाच माणसाच्या अंगावरच्या पट्ट्या ना, मॅडम. त्यांचं म्हणणं वेगळं कसं असेल? थोडा फरक पडलाच, तर यंत्रणा तो चूक समजते आणि सुधारते. जी पट्टी मागे पडेल तिची टिचकी जराशी लवकर, पुढे पळेल तिची जराशी उशिरा. श्वास तेवढ्याने वळतो. हृदय कोणाचं ऐकत नाही, मॅडम, पण श्वास ऐकतो. अर्धा आपला असतो, अर्धा शरीराचा, त्यामुळे कोणीही बाहेरून लगाम धरू शकतं."

हे ती पाठ केलेलं वाचून दाखवत होती. हेमांगीला मात्र प्रत्येक शब्द नव्याने ऐकू येत होता. यंत्रणेला भांडी आळीत तीसेक माणसं दिसत नव्हती. एकच म्हातारा दिसत होता, खूप हनुवट्यांचा.

"एक सांगायचं होतं," मुलगी म्हणाली. "त्यांची एक पट्टी खराब आहे. स्वतःहून श्वासाची काहीच खबर देत नाही. बाकीच्या सांगतात तेव्हाच चालते. काढून टाका ती."

"कुठली?"

"सगळ्यात पहिली."

हेमांगीकडून पट्ट्यांची सगळी गोष्ट ऐकल्यावर डॉक्टर सबनीसांनी अण्णांना दुपारी दवाखान्यात झोपवून पट्टी काढली. थोडा वेळ म्हातारा व्यवस्थित झोपला. मग छाती हलायची थांबली. घशात काही अडकलं नव्हतं, वाट मोकळी होती. त्या वाटेने जायला श्वासच निघत नव्हता. डॉक्टरांनी त्यांना हलवून जागं केलं आणि पट्टी परत लावली.

"मेंदूकडून श्वासाचा हुकूम यायला लागतो, तो यांच्या झोपेत येईनासा झालाय," बाहेर येऊन त्या हेमांगीला म्हणाल्या. "जागेपणी ठीक. झोपेत बाकीची माणसं यांना ओढून नेतायत. मास्कचं मशीन आहे, काही दिवस काढता येतील."

छाती दुबळी झाली तेव्हा तो मास्क अण्णांनी एकदा लावून पाहिला होता. तोंडाला तोबरा बांधून मी घोड्यासारखा झोपणार नाही, असं म्हणून त्यांनी तो परत केला होता.

"आणि ती बाकीची माणसं?" हेमांगीने विचारलं.

डॉक्टर जरा थांबल्या. त्यांच्या थांबण्याचीही तिला भीती वाटली. "सगळ्यांचं मिळून एक माप निघत असेल, तर म्हाताऱ्याचंही त्यात जात असणार. यंत्रणेला त्याचं वय माहीत आहे, तिला ते माप बरोबरच वाटेल. तुम्ही नवऱ्याकडे लक्ष ठेवा."

तिने लक्ष ठेवलं. श्वास सोडल्यावर गिरीश थांबायचा. आठवड्यामागून आठवडे ते थांबणं लांबत होतं, इतकं की तिला वाटायचं, आता हलवावं. तेवढ्यात भिंतीपलीकडे तवटे श्वास घ्यायचे आणि हाही घ्यायचा.

तिने गिरीशला सगळं सांगितलं. तो शांतपणे ऐकत होता. हल्ली सगळंच तो शांतपणे ऐकायचा.

"म्हणजे पट्ट्या काढल्या तर अण्णा... जातील."

"आणि नाही काढल्या तर तुम्ही."

"मी कुठे जातोय? मी मजेत... आहे."

"अहो, झोपेत स्वतःचा श्वास कसा घ्यायचा हे तुम्ही विसरत चाललाय."

"मग काय करू? बापाची पट्टी मी ओढून... काढू? तू काढशील?"

गिरीशने बैठक बोलावली आणि सगळ्यांपुढे गोष्ट मांडली. हेमांगीला वाटलं, आता तरी कल्लोळ होईल. ही माणसं फुकटात पिशवीसुद्धा देत नाहीत. पण कोणी ओरडलं नाही. तवटे म्हणाले, "माझं दुकान जळलं तेव्हा अण्णांनी आपलं अर्धं दुकान पडदा लावून मला दिलं होतं. वर्षभर. त्यांना झोपेत जरा हात दिला तर माझं काय... जातं?" प्रत्येकाकडे अण्णांची एकेक गोष्ट होती. पट्ट्या राहू द्यायच्या असं ठरलं. अण्णांना मात्र कळू द्यायचं नाही, हेही ठरलं. परतताना वाटेत तवट्यांची बायको हेमांगीला म्हणाली, "तुझा जीव तरी कसा होतो गं, म्हाताऱ्याच्या श्वासाचा हिशेब मांडायला?"

चार दिवस हेमांगीने तो टोमणा पोटात ठेवला. पाचव्या दिवशी ती जेवणानंतर दुकानामागच्या घरात अण्णांच्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं.

अण्णांनी ऐकून घेतलं. मधे एकदा हनुवटीखाली बोट फिरवलं.

"गिरीशला माहीत आहे?"

"सगळ्या आळीला माहीत आहे."

"माझ्याशिवाय."

"हो."

अण्णा हसले. "आयुष्यभर या आळीत माझ्या सांगण्याने एक पायरी कोणी... हलवली नाही. आणि आता माझ्या नावावर श्वास घेतात होय."

"अण्णा, मी वाईट आहे असं वाटत असेल तर वाटू दे. पण मला गिरीश परत हवाय."

"वाईट कशाला? तू मोजतेस. कोणीतरी मोजायला... लागतं." ते खिडकीबाहेर बघत राहिले. "तुला एक सांगू? हल्ली झोपेत मला गर्दी असते. कोण ते ओळखू येत नाही, पण खूप माणसं, खांद्याला खांदा लावून. पूर्वी तुझ्या सासूबाई यायच्या स्वप्नात. आताही येतात. दारात उभ्या राहतात, आत बसायला जागा दिसत नाही, आणि परत... जातात. मी हाक मारतो तर आवाज माझा एकट्याचा येत नाही."

हेमांगीने त्यांच्या पायावरचं पांघरूण नीट केलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी अण्णा म्हणाले, "मी आज वर झोपतो. गच्चीलगतच्या खोलीत." ती पाण्याचा तांब्या घेऊन मागे गेली. ते पाणी प्यायले, आडवे झाले, आणि त्यांनी हनुवटीखालची पट्टी सोलून तांब्याच्या काठाला चिकटवली. हेमांगीने पाहिलं. अण्णांनीही तिने पाहिलेलं पाहिलं.

खाली गिरीश होता. एक हाक पुरली असती. तिने ती मारली नाही. ती उंबऱ्याशी बसून राहिली.

म्हातारा थोड्याच वेळात घोरायला लागला. बारीक, खरखरीत, मधेच अडखळणारं घोरणं, आळीतल्या कोणासारखंच नाही. तिला ते ऐकून इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले. मग ते हळू झालं, आणि मग राहिलं. तिने खूप वेळ वाट पाहिली. खालून, दोन्ही बाजूंच्या दुकानांतून, आळीचा श्वास संथ चालू होता, आत, बाहेर, जराही न चुकता. अण्णा त्यातून उठून गेल्याचं त्याला कळलंच नव्हतं.

तिच्या फोनवर रोजचा निरोप आला: भालचंद्रजींची आजची झोप उत्तम.

तेरावं झालं. आता तरी पट्ट्या सुटतील, असं हेमांगी धरून चालली होती. ज्याच्यासाठी लावल्या तो माणूस गेला. तिने गिरीशपुढे हात पसरला. "द्या ती इकडे."

गिरीशने मान हलवली. छातीवर तळवा ठेवून तो म्हणाला, "इथे चाललंय त्यांचं. सगळ्यांच्यात थोडं थोडं. काढली तर खरंच... जातील."

"ते गेले. तुम्ही खांदा दिलात."

"दुपारी झोपलो की ते असतात, हेमा. तू झोपत नाहीस, तुला कळायचं... नाही."

आळीत कोणीच पट्टी काढली नाही. सगळ्यांनी एकच कारण सांगितलं, आणि शेवटच्या शब्दाआधी सगळे थांबले.

तेव्हा एका दुपारी, गिरीश गाढ झोपलेला असताना, हेमांगीने त्याच्या हनुवटीखालची पट्टी नखाने सोडवली आणि सबंध काढली. कातडीवर फिकट पट्टा राहिला. ती त्याच्या छातीवर नजर लावून बसली. श्वास बाहेर गेला होता. छाती थांबली. ती वाट पाहत होती की आता हा धडपडेल, खोकेल, स्वतःचा असा काही वेडावाकडा श्वास घेईल. भिंतीपलीकडे तवट्यांनी श्वास आत घेतला. गिरीशने घेतला. समोरच्या दुकानातून डाव वाजले. पट्टी तिच्या तळहातावर होती आणि काही म्हणजे काही बदललं नव्हतं.

तिने फोन उचलला. तीच मुलगी होती, गोड आवाजाची.

"भालचंद्र कर्डे यांचं खातं बंद करायचंय. सगळ्या पट्ट्या, एकदम. ते वारले."

टाइप केल्याचा आवाज आला. "मॅडम, त्यांचा श्वास मला इथे दिसतोय."

"तो त्यांचा नाही." मग हेमांगीने जे कंपनीला कधी सांगितलं नसतं ते सांगितलं. एका नावावर तीसेक माणसं घातली, सवलत घेतली, घामाचं खोटं सांगितलं. "माझी चूक. दंड लावा, केस करा, काहीही करा, पण आधी हे बंद करा."

पलीकडे पुन्हा टाइप केल्याचा आवाज आला.

"मॅडम, मी बघतेय ना समोर. एवढी माणसं इतका सारखा श्वास घेऊच शकत नाहीत. हा एकच माणूस आहे."

"मी मृत्यूचा दाखला पाठवते."

"पाठवा ना. पण ज्यांच्या नावावर आहे त्यांच्या संमतीशिवाय बंद करता येत नाही, आणि ते तर चांगले आहेत." मुलीने आवाज एकदम हलका केला, घरात कोणी निजलेलं असलं की करतात तसा. "आत्ता गाढ झोपलेत. चारला उठतील. मग आपण त्यांनाच विचारू."